दळण आणि पिष्टपेषण

मराठींत एखादा मनुष्य तीच ती गोष्ट फिरफिरून सांगूं लागला, कीं आपण म्हणतों, ‘झालें ह्याचें दळण सुरू!’ संस्कृत पंडितांनीं ह्याहून एक पायरी पुढें जाऊन ‘पिष्टपेषण’ असा शब्द योजिला. पिष्ट म्हणजे पीठ व पेषण म्हणजे दळणें. अर्थात् दळून झालेलें पीठच पुन्हां जात्यांत घालणें. हे दोन्ही शब्द सामान्यतः निंदेच्या अर्थानें व एकमेकांच्या जागीं वापरले जातात. परंतु त्यांत भेद आहे, आणि तो भेद फार मोलाचा आहे. दळणाऱ्या बाईच्या हातीं शेवटीं पीठ येतें. पिष्टपेषण करणाराच्या हातीं केवळ श्रम येतात.

हा भेद कसास लावून पाहण्याचा प्रसंग आम्हांस आला तो पंडितांच्या सभेंत नव्हे, तर घरांतील मुलांच्या एका वादांत. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या तरुण मंडळींच्या परिभाषेंत ‘ग्राइंडिंग’ असा एक शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ दळणें असाच होतो. कठीण खेळांत हें दळण केल्यानें खेळाची गोडी वाढते कीं मरते, असा तो वाद होता. आणि आम्ही घरांत वडील, त्यांतून जन्मभर मास्तरकी केलेले, म्हणून निवाड्यासाठीं तो आमच्यापुढें आला. प्रश्न पोरकट दिसतो. पण पाठांतर, रियाज, नोकरी, इतकेंच काय, देवापुढची जपमाळ, ह्या सर्वांच्या मुळाशीं हाच प्रश्न आहे: एकच गोष्ट पुनःपुन्हां केल्यानें मनुष्य घडतो केव्हां, आणि झिजतो केव्हां?

ज्या वाचकांच्या घरीं हे खेळ अद्याप शिरले नसतील, त्यांच्याकरितां थोडा खुलासा केला पाहिजे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. कागद, पेन्सिल व फांसे घेऊन चारचौघांनीं बसून तो खेळावयाचा. त्यांत कोणी योद्ध्याचें सोंग घ्यावें, कोणी मांत्रिकाचें. आणि पराक्रमाबद्दल त्या सोंगास ‘अनुभवाचे गुण’ मिळावे. गुण सांचले कीं सोंगाची पायरी वाढे व तें अधिक बलवान् होई. हीच कल्पना पुढें यंत्रांत शिरली. १९८६ सालीं जपानांत युजी होरी ह्यांनीं रचिलेला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा खेळ निघाला व तेथें घरोघर लोकप्रिय झाला. पुढचा राक्षस भारी पडला, तर मागें फिरावें, माळावरचीं किरकोळ भुतें मारीत बसावें, गुण सांचवावे, आणि पायरी वाढल्यावर पुन्हां त्या राक्षसापुढें उभें राहावें, अशी त्याची रीत. हेंच तें दळण.

ह्याच्या शेजारीं कठीण खेळांचा एक निराळा संप्रदाय आहे. हिदेताका मियाझाकी ह्या जपानी रचनाकारानें २०११ सालीं ‘डार्क सोल्स’ व २०२२ सालीं ‘एल्डन रिंग’ असे दोन खेळ जगापुढें आणिले. त्यांत मरण हाच गुरु आहे. शत्रूचा प्रत्येक घाव येण्यापूर्वीं त्याच्या खांद्याची, पावलाची कांहीं खूण दिसते. ती ओळखून नेमक्या क्षणीं बाजूस व्हावें लागतें. चुकलें कीं मरण. मेल्यावर जवळचें धन तेथेंच पडतें. तें आणावयास जातांना वाटेंत पुन्हां मेलें, तर तें कायमचें गेलें! परंतु ह्या खेळांतहि धन देऊन सोंगाची पायरी वाढविण्याची सोय ठेविलेली आहे. म्हणजे एकाच गडाला दोन वाटा: एक आपला हात तयार करण्याची, दुसरी यंत्रांतला आकडा वाढविण्याची. आमच्या घरांत ह्या दोन वाटांचे दोन वाटसरू निघाले.

आम्ही शेंद्र्यास राहतों. छत्रपती संभाजीनगराहून जालन्याकडे जातांना लागणारें हें गांव पंचक्रोशींत मांगीरबाबाच्या यात्रेसाठीं पूर्वींपासून प्रसिद्ध. पण आतां त्याची ओळख औद्योगिक वसाहतीमुळें अधिक झाली आहे. २००१ सालीं येथें स्कोडा मोटारींचा कारखाना सुरू झाला. पुढें ‘ऑरिक’ नांवाची नवी उद्योगनगरी आंखली गेली व २०१९ सालीं तिच्या मुख्य इमारतीचें उद्घाटन झालें. जेथें ज्वारी-बाजरीचीं शेतें होतीं, तेथें आज पाळ्या बदलण्याच्या वेळीं कामगारांच्या बसगाड्यांची रांग लागते. हें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, एकच कृति दिवसभर करीत राहणें म्हणजे काय, हें आमच्या गांवांतील तरुणांस कोणी शिकवावें लागत नाहीं.

आमचा पुतण्या अशाच एका कारखान्यांत असेंब्ली लाइनवर उभा असतो. समोर आलेल्या सांगाड्यावर ठराविक बोल्ट ठराविक जोरानें पिळावयाचे, आणि तो पुढें सरकला कीं दुसऱ्यावर तेच. आमचा नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. दोघांचें नातें काका-पुतण्याचें, पण खेळापुरते ते समवयस्क. दोघेंहि ‘एल्डन रिंग’ खेळत, आणि दोघेंहि मलेनिया नांवाच्या एका वीरांगनेपाशीं अडले होते. ह्या बाईचा विशेष असा कीं, तिचा घाव आपणांस लागला म्हणजे तिचेंच गेलेलें बळ तिला परत मिळतें. आपली प्रत्येक चूक तिचें औषध होते!

नातवानें पहिली वाट धरिली. तो मरे, पुन्हां उठे, पुन्हां मरे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत कधीं न दाखविलेली चिकाटी त्यानें तेथें दाखविली. कोणत्या घावाला डावीकडे, कोणत्याला मागें, ह्याचें त्यानें वहींत टिपण ठेविलें होतें. तिसऱ्या आठवड्यांत एका रात्रीं एक वाजतां त्यानें अशी आरोळी ठोकली कीं, सारें घर जागें झालें. सूनबाई तर देवघरांत दिवा कलंडला कीं काय म्हणून धांवल्या. त्या रात्रीं तो झोंपला नाहीं. सकाळीं चहा घेतांना त्याची बोटें टेबलावर तीच लढाई पुन्हां खेळत होतीं.

पुतण्यानें दुसरी वाट धरिली. त्या खेळांत एक स्थान असें आहे कीं, दरीपलीकडे एक प्रचंड कावळा बसलेला असतो. त्याला दुरून बाण मारिला कीं तो चवताळून आपल्याकडे धांवत सुटतो आणि मधल्या दरींत पडून मरतो. खेळणाऱ्यास सुमारें अकरा हजार नाण्यांचें धन मिळतें. मग जवळच्या विश्रांतिस्थानीं बसावें. उठून पाहावें, तों कावळा पुन्हां जागेवर हजर. पुतण्या पाळीवरून आल्यावर रोज दोन तास हेंच करी. वाल्मीकींच्यापुढें एक क्रौंच मेला, तर त्यांच्या शोकाचा श्लोक झाला. पुतण्यापुढें तोच पक्षी एका रात्रींत शेंदोनशें वेळां मरे, आणि त्याच्या मुखांतून जांभईखेरीज कांहीं बाहेर पडत नसे. असे कांहीं आठवडे गेल्यावर त्याचें सोंग इतकें बलिष्ठ झालें कीं, चौथ्याच प्रयत्नांत मलेनिया पडली. आरोळी झाली नाहीं. त्यानें यंत्र बंद केलें, हात धुतले व पानावर येऊन बसला. त्यानंतर दोन महिने त्या यंत्रास त्याचा हात लागला नाहीं.

वाद पेटला तो येथें. नातू म्हणे, ‘काकांनीं तिला हरविलेंच नाहीं, आकड्यानें हरविलें.’ पुतण्याचें उत्तर तिखट होतें. तो आम्हांस म्हणाला, ‘अण्णा, ह्याचे हात दिवसभर वहीवर असतात, माझे पान्यावर. रात्रीं बोटें वाकत नाहींत. मीं माझ्या परीनें केलें, त्यांत लबाडी कसली?’ जरा थांबून हळूच म्हणाला, ‘पण एक खरें. जिंकल्यावर असें वाटलें, कीं ओव्हरटाइम संपला.’

‘ओव्हरटाइम संपला’ ह्या दोन शब्दांत साऱ्या प्रश्नाचें सार आलें आहे, असें आम्ही समजतों. कठीण खेळाची गोडी जिंकण्यांत असती, तर जो लवकर जिंकेल त्यास ती अधिक लाभली असती. ती गोडी असते आपल्यांत पडलेल्या फरकांत. काल जो घाव दिसलाच नव्हता तो आज दिसतो; काल जो हात थरथरला तो आज आपोआप वळतो. शत्रू तोच, तलवार तीच, बदललों ते आपण. आकडा वाढवून जिंकणारा मात्र पहिल्या दिवशीं होता तोच शेवटच्या दिवशींहि असतो. बदललेलें असतें तें त्याचें सोंग. विजय त्याच्या दारीं येतो खरा, पण पाहुणा म्हणून. घरचा म्हणून नव्हे.

आधुनिक मानसशास्त्र्यांनींहि ह्या दिशेनें पुष्कळ विचार केला आहे. अमेरिकेंत स्थायिक झालेले हंगेरियन पंडित मिहाय चिकसेंटमिहाय ह्यांनीं कडे चढणारे, बुद्धिबळपटू, नर्तक, शस्त्रवैद्य अशांच्या मुलाखती घेऊन १९७५ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कामाची अवघडता आपल्या कौशल्याच्या जेमतेम आटोक्यांत असते, तेव्हां मनुष्य देहभान विसरून रमतो. काम फार अवघड झालें तर धास्तावतो, फार सोपें झालें तर कंटाळतो, असें त्यांचें प्रतिपादन. दळणानें नेमकें हेंच बिघडतें. सोंगाचें बळ वाढतें, त्यामानानें अवघडपणा घटतो, आणि ज्या कड्यासाठीं आपण निघालों त्याचा शेवटीं ओटा होतो. ओट्यावर चढून कोणाला धाप लागली आहे?

दुसरा एक प्रयोग तर प्रत्येक शिक्षकानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. १९७३ सालीं मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट ह्यांनीं एका बालवाडींतील, चित्रें काढण्याची मूळचीच आवड असलेलीं मुलें निवडलीं. कांहींना अगोदर सांगितलें कीं चित्र काढाल तर प्रशस्तिपत्र मिळेल. कांहींना तें न सांगतां मागाहून दिलें. कांहींना दिलेंच नाहीं. पुढें मोकळ्या वेळीं पाहिलें, तर बक्षिसाच्या बोलीनें चित्रें काढलेलीं मुलें इतरांच्या मानानें सुमारें निम्माच वेळ चित्रांपाशीं रमत होतीं. आवडीच्या कामास मोबदल्याची सवय लावली, कीं मोबदला थांबतांच आवडहि निघून जाते. कावळ्याचीं अकरा हजार नाणीं आणि तें प्रशस्तिपत्र ह्यांत आम्हांस फरक दिसत नाहीं.

येथें कोणी चतुर वाचक विचारील, ‘मास्तर, मग तुमच्या रूपावलीचें काय? राम, हरि, गुरु चालवितां चालवितां तुम्हीं कितीएक पोरांचीं बालपणें दळून काढलींत, तें पिष्टपेषण नव्हे काय?’ प्रश्न रास्त आहे. ज्यानें रूपावली घोकली आणि पुढें कधीं काव्य वाचलें नाहीं, त्याच्यापुरतें तें पिष्टपेषणच. पण ज्यानें ती घोकून कालिदास उघडला, त्यास एके दिवशीं असा अनुभव येतो कीं, विभक्ति शोधावी लागत नाहीं. ती डोळ्यांपुढें आपण होऊन उभी राहते आणि मन थेट अर्थाला भिडतें. हीच त्या नातवाची बोटें! घोकलेलें पुसून टाकूं म्हटलें तरी पुसतां येत नाहीं, कारण तें वहींत नसून अंगांत मुरलेलें असतें.

वेदपाठशाळांतील घनपाठ तर आवृत्तीची परमावधि आहे. दोन पदें सुलट म्हणावीं, मग उलट. मग तीन पदें सुलट, उलट, पुन्हां सुलट. आणि असेंच एकेक पद पुढें सरकत सारी संहिता. परक्यास हें दळण वाटेल. पण त्यांत प्रत्येक फेरा मागच्याहून वेगळा असतो, संधि बदलतो, स्वर बदलतो. चित्त क्षणभर चळलें कीं पाठ अडतो. पतंजलींनीं अभ्यासाचें लक्षण सांगतांना दीर्घ काळ व अखंडपणा ह्यांच्या जोडीला आदरहि घातला आहे. पहिलीं दोन लक्षणें कावळा मारण्यांतहि आहेत. नाहीं तें तिसरें. जी कृति करतांना मन दुसरीकडे ठेवतां येतें, तिचा आदर आपण करीत नाहीं. आणि जिचा आदर नाहीं ती आपणांस कांहीं देत नाहीं.

ह्याच मलेनियाच्या संबंधांत एक मौजेची हकीकत आहे. २०२२ सालीं एक अनामिक खेळाडू, आपल्या सोंगाच्या कंबरेला लंगोटवजा वस्त्र, डोक्यावर मडकें व दोन हातांत दोन तलवारी अशा अवतारांत, अडलेल्या परक्या खेळाडूंच्या हांकेस धांवून जाऊं लागला. ‘लेट मी सोलो हर’, म्हणजे ‘तिच्याशीं मला एकट्याला लढूं द्या’, हेंच त्यानें धारण केलेलें नांव. कांहीं महिन्यांत त्यानें तिला हजाराहून अधिक वेळां हरविलें, आणि खेळ प्रसिद्ध करणाऱ्या मंडळींनीं त्यास खरीखुरी तलवार भेट पाठविली. तीच लढाई हजार वेळां! परंतु ह्यास दळण कोण म्हणेल? त्याला आकडा वाढवावयाचा नव्हता. आपल्या हाताची कला दुसऱ्याच्या अडचणीस उपयोगीं पडते, एवढाच त्याचा लाभ. आवृत्तीची संख्या पाहून तिची जात ठरत नाहीं.

इतकें म्हटल्यावर दुसरी बाजू सांगणें प्राप्त आहे, नाहींतर पुतण्यावर अन्याय होईल. दळणाचें खरें मर्म आपल्या घरच्या बायकांस ठाऊक होतें. हेमा रायरकर व गी प्वातव्हां ह्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटेच्या अंधारांत, झोंप मोडून, हात भरून येत असतां बायकांनीं माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरी हें सारें त्या घरघरींत ओतलें. ओवीनें दळण सुसह्य केलें, हें खरें. परंतु गांवांत पिठाची गिरणी आली, तेव्हां ओवीसाठीं म्हणून कोणी बाई जात्याकडे परत गेली नाहीं. कष्टांतून गाणें निघालें म्हणून कष्टांचें स्तोत्र माजवूं नये. ज्याचे हात दिवसभर दुसऱ्याच्या जात्याला लागले आहेत, त्यास रात्रीं ‘अवघड वाटेनेंच जा’ असा उपदेश करण्याचा अधिकार पेन्शन घेणाऱ्या मास्तरांस नाहीं.

शिवाय आवृत्तीचा एक तिसरा प्रकारहि आहे. सहाणेवर चंदन उगाळतांना कौशल्य वाढत नाहीं, आणि कोठें पोंचावयाचेंहि नसतें. उगाळतां उगाळतां वास सुटतो आणि मन निवतें. जपमाळ, विणकाम, अंगणांतलें सडासंमार्जन हीं ह्याच वर्गांतलीं. अशा खेळांचीहि एक शाखा आहे. एरिक बॅरोन ह्या एकट्या गृहस्थानें कित्येक वर्षें खपून २०१६ सालीं ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ पुरा केला. त्यांत रोज उठून पिकांस पाणी घालावयाचें. पुतण्या हल्लीं पाळीवरून आल्यावर हाच खेळतो. सूनबाई थट्टेनें म्हणतात, ‘भाऊजी, पडद्यावरच्या कोबीला पाणी झालें असेल, तर आमच्या तुळशीलाहि घाला.’ तो उठून तुळशीला पाणी घालतो व पुन्हां येऊन बसतो. रविवारीं मात्र तो नातवाबरोबर मियाझाकींचाच २०१९ चा ‘सेकिरो’ खेळतो. त्यांत कावळा मारून पायरी वाढविण्याची वाट ठेविलेलीच नाहीं. रोज हरतो, पण पानावर बसल्यावर हरल्याच्या गोष्टी रंगवून सांगतो.

खरा दोष कोठें असेल, तर तो हें दळण मुद्दाम लांबविणाऱ्यांकडे आहे. फुकट म्हणून हातांत दिलेले मोबाइलवरचे कितीतरी खेळ असे रचिलेले असतात, कीं प्रथम वाट लांबवावी, मग थोडे रुपये घेऊन ती आंखूड करून द्यावी. आपणच वाटेंत कांटे पेरावे आणि वळणावर वहाणा विकावयास बसावें, तसाच हा व्यापार! २००४ सालीं निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ ह्या खेळांत तर श्रीमंत देशांतील खेळाडूंना दळण नकोसें झालें, तेव्हां चीनमध्यें पगारी तरुणांच्या रांगा यंत्रांपुढें बसवून त्यांच्याकडून खेळांतलें सोनें दळून घेण्याचे धंदे निघाले. पाळ्या आल्या, मुकादम आला. खेळाचा कारखाना व्हावयास आणखी काय उरलें? जो खेळ खेळण्याऐवजीं दुसऱ्यास मजुरी देऊन खेळवून घ्यावासा वाटतो, त्यांत खेळ म्हणून कांहीं शिल्लक आहे काय, हें ज्याचें त्यानें पाहावें.

म्हणून घरोघरच्या वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे. मूल पडद्यापुढें बसलेलें दिसतांच त्यावर ओरडूं नये, व चिकाटी पाहून उगाच भाळूंहि नये. जवळ बसून एक प्रश्न विचारावा: ‘बाळ, आज रात्रीं ह्या यंत्रांतले सारे आकडे पुसले गेले, तर उद्यां तुझ्याजवळ काय उरेल?’ ‘हात उरेल’ असें तो म्हणाला, तर तो अभ्यास. त्यास जेवणाच्या वेळेखेरीज हटकूं नये. ‘कांहीं उरणार नाहीं, पण मन निवतें’ असें म्हणाला, तर तें चंदन. त्यास माप असावें, निंदा नसावी. आणि तो गप्प बसला, तर तें पिष्टपेषण समजावें. हाच प्रश्न शिकवणीच्या वर्गांत सराव-प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यापुढें बसलेल्या मुलासहि विचारावा. आणि मनाची तयारी असेल तर एखाद्या रात्रीं निजण्यापूर्वीं स्वतःसहि विचारून पाहावा.